रिक्रूटरचे सततचे फोन कसे थांबवायचे?

तुम्ही लिहिलंय की जावामध्ये पाच वर्षांचा अनुभव आहे, सध्या नोकरी बदलायची नाही, तरी दिवसभर फोन वाजतो आणि एकाच जागेसाठी तीन-तीन कन्सल्टन्सी (कंपन्यांना उमेदवार शोधून देणाऱ्या संस्था) मागे लागतात. मी पुण्यात आयटीतच काम करते, हा त्रास चांगला ओळखीचा आहे.

फोन करणारी व्यक्ती बहुतेकदा जिथे जागा आहे त्या कंपनीची नसतेच. कंपनी एकच जागा अनेक कन्सल्टन्सींना देते आणि ज्यांचा उमेदवार रुजू होईल त्यांनाच पैसे देते. वार्षिक सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा दर बऱ्याच ठिकाणी चालतो. बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही, म्हणून एवढी धावाधाव. पलीकडचा मुलगा किंवा मुलगी अनेकदा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली असते, डोक्यावर रोजचं टार्गेट असतं. त्यांच्यावर खेकसून काही होत नाही, उद्या दुसरं कोणी फोन करणारच. नंबर मिळतो तिथेच नळ बंद करा.

तो नळ म्हणजे मुख्यतः नौकरी डॉट कॉम. तिथे रिक्रूटर 'अलीकडे सक्रिय' असा फिल्टर लावून शोधतात, त्यामुळे प्रोफाइलला हात लावला की फोन वाढतात. बदलायचं नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल दिसणंच बंद करा. नोटीस पिरियडच्या (राजीनाम्यानंतर कामावर राहायचे दिवस) रकान्यात '१५ दिवस किंवा कमी' असं चुकून पडलं असेल तर तेही दुरुस्त करा. 'इमिजिएट जॉइनर', म्हणजे लगेच रुजू होणारा, हवा असणारे सगळे तिथूनच येतात. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' चालू असेल तर तेही काढून टाका.

तरी फोन आलाच तर एकच वाक्य: "जेडी, कंपनीचं नाव आणि बजेट मेल करा, वाचून कळवते." (जेडी म्हणजे कामाचं लेखी वर्णन.) पुष्कळ जण इथेच गळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण नुकसान इथे होतं. मेलमध्ये एक तक्ता येतो: एकूण अनुभव, रिलेव्हंट अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, आणि शेवटी पॅन. तो भरून पाठवलात की ते तुमचा रेझ्युमे कंपनीकडे टाकू शकतात. तोच रेझ्युमे दुसऱ्या कन्सल्टन्सीनेही टाकला तर कंपनीच्या सिस्टीममध्ये डुप्लिकेट दिसतो, मग फी कोणाची यावरून वाद, आणि वाद नको म्हणून उमेदवारच बाजूला पडू शकतो. त्यामुळे कंपनीचं नाव कळल्याशिवाय तक्ता भरू नका, आणि एका कंपनीसाठी एकालाच लेखी होकार द्या. दुसऱ्याला सरळ सांगा, "माझं प्रोफाइल तिथे आधीच गेलंय." पगाराच्या स्लिपा, यूएएन (पीएफ खात्याचा नंबर), आधार हे ऑफरच्या टप्प्याआधी कोणालाच देऊ नका. ओटीपी तर कधीच नाही. रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि या गर्दीत मोजकेच जण असे भेटतात जे आधी रेझ्युमे वाचतात, मुलाखत झाल्यावर नकार आला तरी फोन करून कळवतात. त्यांचे नंबर नावानिशी सेव्ह करा. बदलायचं ठरेल तेव्हा नौकरीवरचं प्रोफाइल उघडण्याआधी त्यांना फोन करा.