अर्धी भरलेली बॅग

मस्कतहून एका बाईचं पत्र आलंय. वयाने माझ्या लेकीएवढी, म्हणून बायच म्हणते. ती लिहिते: "ह्यांच्या कंत्राटाची मुदत संपत आली. ऑफिसात विचारलं की 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतात. असे चार महिने गेले. रात्री तीनला उठून मी ह्यांचा मेल तपासते. दोन बॅगा अर्ध्या भरून पलंगाखाली ठेवल्यात." पुढे आणखी तीन प्रश्न आहेत, पण माझं लक्ष त्या पलंगाखालीच अडकलं.

बाय, हे दुखणं मी भोगलंय. 2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा आमचे हे तिथे एका गोदामात हिशेब लिहीत होते. फोन बंद, पत्र नाही. मी गोव्यात, बांदोड्याहून फोंड्याच्या बाजारातल्या एसटीडी बूथवर दिवसातून चार चार खेपा घालायची. बूथवाला मला लांबून बघूनच मान हलवायचा. त्यात चवथ आली. शेजारणी कुजबुजल्या, यंदा गणपती दीड दिवसाचाच करा. माझी सासू, आमची मांय, स्टुलावर चढून केवणाच्या सालीच्या दोरीने माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीला, सुपारीचा घोस बांधत होती. दातात दोरीचं टोक धरूनच म्हणाली, "येतलो तेन्ना येतलो. चवथ फाल्यां." येईल तेव्हा येईल, चवथ उद्या आहे. पाच दिवसांचा केला. कुवेतचं नाव घरात फक्त संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी घ्यायचं, हा तिचा नियम. एरवी कोणी काढलंच तर ती त्याच्या हातात नारळ नि किसणी द्यायची.

बसरा, बगदाद, अम्मान असं करत हे सप्टेंबरात मुंबईला उतरले. त्या मोहिमेत एअर इंडियाने एक लाखाहून जास्त भारतीय परत आणले. त्यांतले एक आमचे. तोवर माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मांयचं वजन होतं तेवढंच.

मांय बिनकाळजाची, असं मी कित्येक वर्षं मनात म्हटलं. मग 2016 साली लंडनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग वाचनात आला. 45 माणसांना त्यांनी संगणकावरचा खेळ दिला: दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेली माणसं त्यामानाने शांत होती. सगळ्यात जास्त घाम फुटला तो शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. आणि हे ऐक, ज्यांचा ताण त्या अनिश्चिततेबरोबर नीट वरखाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर आले. तेव्हा घाबरतेस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. पण रात्री तीनला मेल उघडतेस, तेव्हा तू आपल्या हाताने एकेक दगड उलटतेस, बाय. मांय तो दिवसातून एकदाच उलटायची, बातम्यांच्या वेळी. त्या वेळी ऑफिसात कोण बसलंय उत्तर लिहायला?

आपल्या देवळात कौल लावतात तो आठव. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतात, एक नेमका प्रश्न घालतात, उजवी पडली की होकार. त्याने पुढचं कळतं की नाही ते देवाला ठाऊक. मी आपली त्यातली शिस्त बघते. प्रश्न एक. विचारायची वेळ ठरलेली. आणि पाकळी पडली की माणूस पायऱ्या उतरून घरी जातो, गाभाऱ्यात मुक्काम ठोकत नाही.

म्हणून नवऱ्याला बसव आणि तारीख ठरवा. 15 मे म्हणा. तोवर लेखी होकार आला नाही तर नकारच समजायचा, मुलाच्या शाळेचा दाखला मागायचा, तिकिटं काढायची. मग नंतर होकार आला तर येऊ दे, तिकीट रद्द करण्याचे पैसे गेले तरी चालतील. मेल दिवसातून एकदा, जेवण झाल्यावर, तोही नवऱ्यानेच बघायचा. आणि बॅगा आजच्या आज रिकाम्या कर. त्यातले तुझे चांगले ड्रेस चुरगळतायत आणि तू जुनेच घालून बसतेस, पैजेवर सांगते. मी तेच केलं होतं.

आता बाकीचं. मुलगा मराठीत उत्तर देत नाही: देईल, तू इंग्रजीत विचारणं थांबव. नणंदेचं बोलणं मनावर घेऊ नकोस, माझीही तशीच होती, आता दर शनिवारी फोन करते. सासूबाई म्हार्दोळला एकट्या असतात आणि गेल्या पावसात माजघर गळलं म्हणतेस, तर कौलं परतणाऱ्याला आताच फोन लाव. जून लागला की तो उचलत नाही.