वाचक विचारतात : मारहाण दिसते, कोंडणं दिसत नाही

प्राण्यांच्या छळाविरुद्ध चालणाऱ्या मोहिमांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. अशाच एका संस्थेसाठी छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण तपासायचं काम मी काही वर्षं केलं आहे. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

फलक घेऊन घोषणा देणारी माणसं बातम्यांत दिसतात. त्याने एका तरी प्राण्याचा जाच थांबला आहे का?

थांबला आहे, पण नुसत्या घोषणांनी नाही. हेन्री स्पिरा यांचंच बघा. आधी जहाजावर खलाशी, मग न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते ड्रेझ चाचणीच्या मागे लागले. प्रसाधनांसाठी ही चाचणी तेव्हा सर्रास व्हायची. सशाला खोक्यात घालून फक्त डोकं बाहेर अडकवायचं, एका डोळ्यात पदार्थ टाकायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि पुढचे काही दिवस लाली, सूज, व्रण पाहून गुण देत राहायचं.

स्पिरांनी सगळ्या धंद्याशी एकदम वैर घेतलं नाही. रेव्हलॉन ही प्रसाधनांची एकच कंपनी धरली. मागणीसुद्धा ‘चाचण्या आजच्या आज बंद करा’ अशी नव्हती. एकूण उत्पन्नातल्या दर दहा हजार डॉलरमागे एक डॉलर प्राण्यांविना होणाऱ्या पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला द्या, एवढंच मागणं. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच ओशाळं वाटावं, इतकं किरकोळ. कंपनी दाद देईना, तेव्हा एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात झळकली : सौंदर्यापायी रेव्हलॉन किती ससे आंधळे करते? वर्ष संपायच्या आत कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. मग इतर कंपन्यांनाही हात आखडता घेणं अवघड झालं. १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांची विक्री युरोपीय संघात पूर्ण बंद व्हायला मात्र २०१३ उजाडलं.

घाई असलेल्यांनी या कामात न पडलेलं बरं.

खोटं सांगून नोकरी धरायची आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण करायचं, ही फसवणूक नव्हे का?

आहेच. ती आवडून कोणी करत नाही. पण बंद दारामागचं पाहायला आलेल्या पाहुण्याला मालक स्वच्छ कोपराच दाखवणार. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या एका कत्तलखान्याचं चित्रण बाहेर आलं. उभं राहू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टने ढकलत होते, विजेचे झटके देत होते, तोंडावर पाण्याचा जोरदार फवारा मारत होते. त्या जागी सरकारी निरीक्षक नेमलेले होते, हे विसरू नका. चित्रणानंतर १४.३ कोटी पौंड गोमांस बाजारातून परत मागवावं लागलं. त्यातलं बरंचसं शाळांच्या जेवणासाठी गेलं होतं. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने उभं न राहू शकणाऱ्या गायीगुरांची खाण्यासाठी कत्तल सरसकट बंद केली. लोक हलले ते गायींमुळे की पोरांच्या ताटामुळे, याबद्दल मला माझी शंका आहे; पण नियम बदलला.

यावर अमेरिकेतल्या काही राज्यांनी काय केलं? चित्रण करणाऱ्यांनाच गुन्हेगार ठरवणारे कायदे केले. आयडाहो, आयोवा अशा राज्यांतल्या त्या कायद्यांतली काही कलमं न्यायालयांत टिकली नाहीत, तरी कायदा करण्याची ऊर्मी काही ओसरलेली नाही.

आता माझ्या खुर्चीतलं सांगते. चित्रण पाहताना समोर वही असायची : वेळ, जागा, प्राणी, काय घडलं. कुणी लाथ मारली की नोंद सोपी. खरी अडचण अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांशी यायची. तासन्‌तास काहीच घडत नाही. कामगार येतो, खाद्य पाहतो, जातो. हात उगारत नाही. एका चित्रणात एका कोंबडीची नखं इतकी वाढलेली होती की ती पिंजऱ्याच्या तारेभोवती वळली होती. उकरायला माती नाही, नखं झिजणार कशी? ती पाय सोडवून पाहायची, मग थांबायची. ‘काय घडलं’ या रकान्यात मी काय लिहू? जुने कायदे मारहाणीच्या हिशेबाने घडवलेले आहेत. १८२२ चा ब्रिटनमधला पहिला कायदा गुरं, घोडे, मेंढ्या यांना मारण्या-छळण्याबद्दल होता. नुसतं कोंडून ठेवणं हा छळ आहे, हे मान्य व्हायला पुढे फार काळ गेला. १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या ब्रँबेल समितीने निदान एवढं तरी म्हटलं की प्राण्याला उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्यानंतर आमच्यासारख्यांच्या वहीला नवा रकाना मिळाला : प्राण्याला काय करता आलं नाही.

पिंजरा थोडा मोठा करून मिळवलं काय? पिंजराच नको, असं म्हणायला तुम्ही लोक घाबरता का?

या पत्राचा सूर रागावलेला आहे, आणि तो राग मला कळतो. भांडण जुनं आहे. फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी जिवंत प्राण्यांवरच्या चिरफाडीविरुद्ध १८७५ मध्ये लंडनमध्ये संस्था काढली. संस्थेने टप्प्याटप्प्याने जायचं ठरवताच त्या १८९८ मध्ये स्वतःच्याच संस्थेतून बाहेर पडल्या आणि संपूर्ण बंदी मागणारी दुसरी उभी केली.

मी टप्पेवाली. युरोपात जुन्या पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा मिळे. या मासिकाचं पान मोजून पाहा, बहुधा त्याहून मोठं भरेल. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने ते पिंजरे २०१२ पासून बंद झाले. त्यांच्या जागी ७५० चौरस सेंटिमीटरचे, बसायला दांडी आणि अंड्यासाठी आडोसा असलेले पिंजरे चालतात. थट्टा वाटते ना? मलाही वाटते. पण दांडीवर चढता येणं आणि न येणं यातला फरक कोंबडीला विचारावा, मला नको. आणि ही पायरी चढली नसती तर पुढची मागणी कुठे उभी राहिली असती? पिंजरेच नकोत, या मागणीवर नंतर युरोपातल्या जवळपास १४ लाख नागरिकांच्या सह्या झाल्या.

टप्पेवाल्यांची कमजोरीही सांगते. कायदा झाला की आम्ही पेढे वाटतो आणि तपासणी विसरतो. २०१२ उजाडलं तेव्हा १३ सदस्य देशांत जुने पिंजरे होतेच. युरोपीय आयोगाला त्यांना नोटिसा धाडाव्या लागल्या. बारा वर्षांची मुदत मिळूनही!

माणसांचे प्रश्न संपले का, की जनावरांचे काढलेत?

न्यूयॉर्कमध्ये १८७४ साली मेरी एलन नावाच्या मुलीला घरात अमानुष मारहाण होत होती. धावून गेले ते हेन्री बर्ग, प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या संस्थेचे संस्थापक, आणि त्यांचे वकील. मुलांसाठीची तशी संस्था त्यानंतर निघाली. पुढचं पत्र.

मला रक्त पाहवत नाही, मोर्चात गर्दी सोसत नाही. मी काय करू शकते?

तुमच्यासारखीच माणसं कमी पडतात. स्पिरांची पहिली मोहीम आठवा : न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात मांजरांना जायबंदी करून त्यांच्या लैंगिक वर्तनाचे प्रयोग वर्षानुवर्षं चालले होते. स्पिरांनी माहितीच्या कायद्याखाली कागद मागवले, अनुदानाचे अर्ज वाचून काढले आणि प्रयोगकर्त्यांचे शब्द जसेच्या तसे लोकांपुढे ठेवले. १९७६ मध्ये निदर्शनं सुरू झाली, दुसऱ्या वर्षी प्रयोग बंद पडले. निदर्शनं गाजली, पण पाया त्या कागदांचा होता. तेव्हा कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचा. अमुक सालापर्यंत पिंजरे बंद करू असं त्यांनी म्हटलं होतं का, तारीख उलटली का, हे पाहा आणि एका कंपनीला, एका अधिकाऱ्याला, एकच प्रश्न लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न पुन्हा.

आणि कधी डोळ्यांदेखत छळ दिसलाच आणि फोनवर टिपलात, तर मूळ फाइल तशीच ठेवा. कापू नका, संगीत चढवू नका, सुरुवातीला जागा आणि तारीख बोलून घ्या. तक्रार आधी नोंदवा, समाजमाध्यमावर टाकायचं ते नंतर. कापलेलं चित्रण घेऊन आलेल्यांना मी परत पाठवलं आहे, त्यात खरं काय होतं ते दिसत असूनही.