टाउनहाऊसच्या छोट्या अंगणात जपानी मेपल लावावा का? जात कुठली घ्यावी, काळजी काय घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मध्य न्यू जर्सीत टाउनहाऊस घेतलंय, मागे पूर्वेकडे उघडणारं २० बाय १५ फुटांचं अंगण आहे, शेजाऱ्यांकडचा लाल मेपल डोळ्यांत भरलाय, आणि पुण्यातला भाऊ म्हणतोय की येताना मलाही एक रोप आण. तुम्ही खुशाल लावा. अंगण पूर्वेचं आहे हे तुमचं नशीब. भावाचं शेवटी बघू.

मी प्रिन्स्टनच्या आसपास बारा-तेरा वर्षं राहतोय. आतापर्यंत तीन जपानी मेपल लावले. दोन मजेत आहेत, एक मी मारला. त्या मेलेल्यापासूनच सुरुवात करतो.

२०१४ च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या दुकानातून ‘ब्लडगुड’ नावाचा लाल पानांचा मेपल आणला. हौस दांडगी. चांगला खोल खड्डा खणला, तळाला दोन पिशव्या कंपोस्ट ओतलं, झाड आत ठेवलं, वर माती ओढली आणि घरी करतात तसं भोवती सुरेख आळं केलं. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात पानं बारकी यायला लागली, शेंडे वाळले. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी घातलं. चौथ्या वर्षी तो फुटलाच नाही. उपटून पाहिलं तर खोडाचा चार इंच भाग मातीत गाडलेला, तिथली साल मऊ पडून काळी झालेली, आणि कुंडीत असताना गोल गोल फिरलेलं एक जाड मूळ खोडाभोवती फास आवळून बसलेलं. तळाचं कंपोस्ट कुजून बसलं तसं झाडही खाली खाली गेलं होतं. वर आळ्यात पाणी साठतच होतं.

लाज याची वाटली की माझं आजोळ रत्नागिरीकडचं. हापूसचं कलम लावताना सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, हे आजोबांनी मला दहाव्या वर्षी बोट लावून दाखवलं होतं. जपानी मेपलही कलमच असतो! बी पेरून मूळ झाडासारखंच झाड येईल याचा भरवसा नाही, म्हणून नाव असलेली जवळजवळ प्रत्येक जात साध्या हिरव्या जपानी मेपलच्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या रोपावर, बांधतात. सांधा बहुतेक वेळा खोडाच्या तळाशी जाडसर गाठीसारखा दिसतो. त्याच्या खालून कधी हिरव्या पानांचा जोमदार फुटवा आला, तर तो खुंटाचा. कौतुक न करता मुळापासून काढायचा. शेजारच्या एका काकूंनी ‘आमच्या लाल झाडाला हिरवी पानंही येतात’ म्हणून असा फुटवा पाच वर्षं जपला. आता लाल भाग कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे.

आता लावणी. खणण्याच्या चार-पाच दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, केबलच्या ओळी कुठून गेल्यात ते येऊन फुकट रंगाने आखून देतात, आणि टाउनहाऊसच्या अंगणात या गोष्टी कुठूनही गेलेल्या असतात. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, पण हुंडीच्या उंचीपेक्षा खोल अजिबात नको. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी तांबडी चिकणमाती आहे. तिच्यात खोल खड्डा करून भुसभुशीत माती भरली की तो जमिनीखालचा हौद होतो, पाऊस पडला की भरतो आणि रिकामा होत नाही. म्हणून आधी खड्ड्यात पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं दिसलं तर जागा बदला, किंवा मातीचा रुंद उंचवटा करून त्यावर झाड लावा. भरताना निघालेलीच माती परत घाला. कंपोस्ट द्यायचंच असेल तर वरून पातळ पसरा.

खोड जिथे पायासारखं रुंद होऊन मुळांत उतरतं, ती जागा जमिनीच्या एक-दोन इंच वर दिसली पाहिजे. नर्सरीच्या कुंडीत बरेचदा त्यावरच माती चढलेली असते, तेव्हा बोटांनी माती खरवडून ती जागा शोधा. हुंडीच्या कडेने फिरलेली मुळं दिसली तर सोडवा, न सुटणारी कापा. वाईट वाटतं, पण आज कापलेलं बरं. आणि इथे आळं करू नका. कोकणातल्या जांभ्या मातीत ते शोभतं, इथल्या चिकणमातीत या झाडाचे पाय कुजतात.

वरून लाकडाच्या जाडसर भुग्याचा (इथे मल्च म्हणतात) दोन-तीन इंच थर द्या, खोडापासून चार बोटं लांब. इथले लॉनवाले खोडाला टेकून भुग्याचा जो डोंगर रचतात, तो पाहिला की मला अजूनही कसंतरी होतं. नव्या वसाहतींत प्रत्येक झाडाला असला डोंगर असतो. तुमच्याकडे वसाहतीच्या असोसिएशनची माणसं येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

जातीबद्दल. या झाडाचं शास्त्रीय नाव एसर पाल्मेटम, आणि नावाने विकल्या जाणाऱ्या जाती हजाराच्या वर आहेत, त्यामुळे नर्सरीत डोकं गरगरणार. जपानी लोक याला मोमिजी म्हणतात. काएदे हा मेपलसाठीचा दुसरा शब्द ‘बेडकाचा हात’ यावरून आलाय. पान तळहातावर ठेवून बघा, पटेल. तुमच्या जागेत ‘ब्लडगुड’ नको. तो १५ ते २० फूट उंच आणि जवळजवळ तेवढाच रुंद होतो. लेबलवर छापलेली उंची सहसा दहा वर्षांची असते, अकराव्या वर्षी झाड वाढायचं थांबत नाही. ‘क्रिम्सन क्वीन’सारखे झालरीसारख्या चिरलेल्या पानांचे, खाली झुकणारे प्रकार बुटके असतात म्हणून लोक घेतात, पण त्यांची उंची आठ-दहा फूट आणि पसारा बारा फुटांपर्यंत जातो. १५ फुटांच्या अंगणात मग खुर्ची ठेवायला जागा उरत नाही. ‘सांगो काकू’ची पोवळ्याच्या रंगाची साल बर्फात अप्रतिम दिसते, पण तोही उंच जाणारा.

माझं मत विचाराल तर ‘शिशिगाशिरा’. अर्थ सिंहाचं डोकं. पानं आखूड, सुरकुतलेली, फांदीला दाटीने चिकटलेली. वाढ अगदी संथ, उन्हालाही बऱ्यापैकी टिकतो. उन्हाळाभर हिरवाच असतो, त्यामुळे पाहुणे विचारतात की हा जपानी मेपल कसा. बाकीच्यांची पानं गळायला आली की हा पेटतो, सोनेरी, नारिंगी, मग लाल. लालच हवा असा हट्ट असेल तर ‘एम्परर वन’ बघा. तो ‘ब्लडगुड’सारखाच दिसतो आणि वाढतोही जवळपास तेवढाच, फक्त पालवी दहा-पंधरा दिवस उशिरा येते. तेव्हा तो घेतलात तर अंगणात दुसरं काही लावायचा विचार सोडा.

उशिरा पालवी येण्याचं महत्त्व मला २०२० च्या मे महिन्यात कळलं. ८ आणि ९ तारखेला ऐन वसंतात गोठवणारी थंडी आली, काही ठिकाणी चक्क भुरभुर बर्फ पडला. माझ्या एका झाडाची कोवळी पालवी सकाळी उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. दुसऱ्यावर रात्री आईची जुनी सुती साडी टाकली होती, ते वाचलं. प्लास्टिक टाकू नका, जिथे पानाला टेकतं तिथे पान जातं. पहिलंही नंतर सावरलं, जूनमध्ये दुसऱ्यांदा फुटलं. अशा वेळी घाबरून फांद्या कापू नका आणि खत तर मुळीच घालू नका.

ऊन सकाळचं हवं, दुपारची सावली. पूर्वेच्या अंगणात हे आपोआप मिळतं. अगदी गडद सावलीत लाल पानं हिरवट-तपकिरी होतात, कारण तो रंग टिकायला उजेड लागतो. उलट दुपारचं ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात. मुळं उथळ, पान पातळ. पानातून उडणारं पाणी मुळं पुरवतील त्याहून जास्त झालं की शिरांच्या टोकाशी असलेली कड आधी वाळते. हा रोग नव्हे, फवारणी करू नका. एक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे एसीचं बाहेरचं यंत्र. त्याचा गरम झोत ज्या दिशेला जातो तिथे झाड नको.

पाण्यासाठी आपल्या शेतकऱ्यांचा एक शब्द पुरेसा आहे, वाफसा. ओल हवी, चिखल नको, हवाही खेळायला हवी. बोट दोन इंच खुपसा. कोरडं लागलं तर नळीची बारीक धार अर्धा तास सोडा, ओलं लागलं तर घरात जा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा असं बघावं लागतं, नंतर फक्त कोरड्या आठवड्यांत. लॉनचा रोजचा पाच मिनिटांचा फवारा याला उपयोगाचा नाही. लॉनसाठी टाकतात तो चुनाही याच्यापासून लांब ठेवा, याला किंचित आंबट माती लागते, साधारण ५.५ ते ६.५ सामूची (पीएच). रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा माती तपासून देते, एकदा करून घ्या. आणि खत व तणनाशक एकत्र असलेलं जे लॉनचं औषध मिळतं, त्यातली काही तणनाशकं मुळांवाटे झाडातही शिरतात. मेपलच्या फांद्यांखाली ते टाकू देऊ नका.

खताची पहिल्या वर्षी गरज नाही. पुढेही वसंतात थोडंसं, जुलैनंतर बंद. उशिरा फुटलेली कोवळी वाढ थंडीत मरते.

मराठी माणसाने इथे हमखास करण्यासारखी एक चूक सांगतो. अंगणात आधीच्या मालकाने किंवा तुम्ही टोमॅटो, वांगी, बटाटे लावले असतील तर त्याच वाफ्यात मेपल नको. या पिकांना मर रोग आणणारी व्हर्टिसिलियम नावाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि ती मेपललाही मारते. लक्षण असं की भर उन्हाळ्यात एकच फांदी अचानक मलूल होते, कापून पाहिलं तर आतल्या लाकडात काळपट किंवा हिरवट रेघा दिसतात. औषध नाही. मेलेली फांदी काढायची, कात्री स्पिरिटने पुसायची आणि झाडाला ताण पडू द्यायचा नाही. कधी सावरतं, कधी नाही.

बाकी शत्रू किरकोळ. जुलैत जपानी भुंगेरे पानं चाळणीसारखी करतात, सकाळी थंडीने सुस्तावलेले असताना साबणाच्या पाण्यात झटकले की झालं. खोडातून टूथपिकसारखी भुशाची काडी बाहेर आलेली दिसली तर मात्र जाणकाराला बोलवा, तो खोड पोखरणारा बारीक भुंगा असतो. २०२१ मध्ये आमच्याकडे सतरा वर्षांनी येणारे सिकाडा नावाचे किडे आले होते. त्यांनी बारीक फांद्यांना चिरा पाडून अंडी घातली आणि शेंडे तपकिरी होऊन लटकले. पुढची पाळी २०३८ ची. तोवर झाड मोठं होईल, त्याला फरक पडणार नाही.

छाटणी जितकी कमी तितकी चांगली. जास्वंदीचा शेंडा खुडायची सवय इथे आणू नका. पानं गळल्यावर सांगाडा उघडा पडतो, तेव्हा वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. कळ्या फुगायच्या सुमारास कापलं तर जखमेतून पाणी ठिबकत राहतं. कापाला काही लेप लावायची गरज नसते.

असोसिएशनने जमिनीत लावू दिलं नाही तर ‘शिशिगाशिरा’ कुंडीतही छान होतो. अट एकच, हिवाळ्यात कुंडीतली मुळं जमिनीतल्यांपेक्षा लवकर गोठतात, म्हणून डिसेंबरात कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये न्या आणि तीन-चार आठवड्यांनी थोडं पाणी द्या. दिवाणखान्यात मात्र आणू नका. याला थंड झोप लागते.

त्याच कारणासाठी तुमच्या भावाला नाही म्हणा. पुण्याची थंडी याच्या झोपेला पुरत नाही आणि एप्रिलचं कोरडं ऊन पानांची राख करेल. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या मेपल’च्या बियाही घेऊ नका म्हणावं, निळा मेपल नसतोच. लाल पालवीचीच ओढ असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ताम्हिणीच्या बाजूला जाऊन कुसुंब हा वृक्ष बघावा. त्या दिवसांत तो आमच्या ऑक्टोबरच्या मेपलला हार जात नाही.

आता ऑगस्ट आहे, लगेच आणू नका. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावा, माती गरम असते आणि हवा थंड, मुळं निवांत वाढतात. तेव्हा नर्सरीत झाडं रंगू लागलेली असतात, त्यामुळे लेबलावर विश्वास न ठेवता डोळ्यांनी निवडता येतं. दुकानदाराला झाड कुंडीतून अलगद उचलून मुळं दाखवायला सांगा. तो कुरकुरला तर दुसऱ्या नर्सरीत जा.