वाचकांचे प्रश्न : ब्रॉडवेची जुनी गाणी

प्रश्न : आमच्या गटाला १९०० ते १९२५च्या, ब्रॉडवेवरच्या (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) अमेरिकन संगीतिकांतली चार-पाच गाणी पेटी, व्हायोलिन, तबल्यावर बसवायची आहेत. ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर नोटेशन मिळालं, पण ते जुन्या रेकॉर्डशी जुळत नाही. असं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : जुळणारच नाही. ते कागद घरच्या पियानोसाठी छापलेले. साथ सोपी केलेली. आपल्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदावर राग-ताल असतो, पण नटाने ते कसं रंगवलं हे नसतं, तसंच. वाद्यवृंदाची हस्तलिखितं वेगळी असत आणि त्यातली पुष्कळ हरवली. १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या सीकॉकसच्या गोदामात जेरोम कर्न, जॉर्ज गर्शविन या संगीतकारांच्या कामाची खोकी निघाली, हे नशीबच.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लेव्ही संग्रहात असे एकोणतीस हजारांवर छापील कागद आहेत. तिथे संगीतकाराऐवजी नाटकाच्या नावाने शोधा. निर्माते दुसऱ्यांची गाणी सर्रास मध्ये घुसवत, ती संगीतकाराच्या नावाखाली सापडत नाहीत. मुखपृष्ठावर त्याच नाटकातल्या इतर गाण्यांची यादी असते. मात्र पुष्कळदा ती प्रयोगाआधीच छापलेली, त्यामुळे पुढे गाळलेलं गाणंही तिच्यात राहतं. खात्री प्रयोगाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून करा.

रेकॉर्ड लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर ऐका. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून दुसरा अंतरा बहुधा कापलेला असतो. ‘७८’ (मिनिटाला ७८ फेरे) हा वेगही तेव्हा नावापुरताच. ७४च्या आसपास ध्वनिमुद्रित केलेली तबकडी ७८ने वाजली की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी सूर लागला, तर शंका वेगावरच घ्या. नेमका दोन-तीन पट्ट्यांचा फरक असेल, तर बहुधा गायकाने पट्टी बदललेली. संगणकावर दुरुस्ती करताना गती आणि सूर एकत्र बदला. नुसता सूर उतरवलात तर लय चुकीचीच राहील.

तबलजींसाठी एक : ‘शफल अलाँग’ या संगीतिकेतलं (१९२१) ‘आय ॲम जस्ट वाइल्ड अबाउट हॅरी’ संगीतकार युबी ब्लेकनी आधी वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांची लय) बांधलं होतं, मंचावर ते वन-स्टेप (दोन मात्रांची जलद नृत्यलय) होऊन आलं. तिथे दादरा नको, केरव्याच्या अंगाने जा.

प्रश्न : तिकीट लावून प्रयोग करता येईल का?

उत्तर : भारतात स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गीतकार आणि संगीतकार वेगळे असतील तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजा. जॉर्ज एम. कोहन (मृत्यू १९४२) शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करत, त्यामुळे त्यांची गाणी सर्वांत सोपी. कर्न १९४५मध्ये गेले, पण त्यांच्या काही गाण्यांचे शब्द लेखक पी. जी. वुडहाउसचे, आणि ते १९७५पर्यंत होते. ब्लेक तर १९८३पर्यंत. अमेरिकेत ही गाणी मोकळी झालेली असली तरी अशांसाठी आधी वकिलाला विचारा. अलीकडे कुणी नव्याने केलेली वाद्यरचना घेणार असाल, तर तिची परवानगी वेगळी लागेल.