खेड्यात राहून रॅपर होता येतं का? वऱ्हाडातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातलं खेडं, बारावी झालेली, रॅप लिहिता, पण आजूबाजूला हिपहॉपचा सीनच नाही. मग पुण्याला जायचं का? आणि लिहायचं हिंदीत की वऱ्हाडीत?

बारावी झाली म्हणजे वयानं लहान आहेस, म्हणून तू म्हणतो, राग नको मानू. मी दर्यापूरकडचा. दिवसा कृषी केंद्रात बसतो, संध्याकाळी रॅप करतो. आजूबाजूच्या दोन-तीन तालुक्यांत लोक ओळखतात, पुण्यात कुत्रं ओळखत नाही. हे उत्तर कोणाकडून येऊन राहिलं ते माहीत असलेलं बरं.

सीन नाही, हे मला अर्धंच पटते. तुझ्या डोक्यातला सीन म्हणजे रंगवलेली भिंत, गोल करून उभी पोरं, एसी स्टुडिओ. ते इथं नाही. पण माईक, स्टेज, फुकटात जमणारी गर्दी आणि हमरीतुमरी यातलं काय कमी आहे आपल्याकडे? पोळा, गणपती, शारदा-दुर्गा, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, १४ एप्रिल, शंकरपट (बैलांची शर्यत), यात्रा. एवढे स्टेज पुण्यातल्या नवख्या पोराला वर्षभरात मिळत नाहीत. फक्त त्यातल्या एकाही बॅनरवर हिपहॉप लिहिलेलं नसते.

हिपहॉप सुरू झालं तेही कुठल्या थेटरात नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका इमारतीत बहिणीनं पार्टी ठेवली होती आणि भाऊ, डीजे कूल हर्क, रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यातला ढोलाचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं आणि तो तुकडाच लांबवला. माईकवर बोलणारा तेव्हा डीजेचा मदतनीस होता, गर्दी तापवायला. आधी डीजे, मग रॅपर. डीजे तर तुझ्या गावात आहेच, पिकअपवर बेस लादून फिरतो. त्याच्याशी दोस्ती कर. त्याच्या मागं वायरी गुंडाळायला जा. मैदानात आवाज कसा फाटतो, कोणत्या कोपऱ्यात शब्द ऐकूच जात नाहीत, हे त्याच्याएवढं कोणताच यूट्यूबवाला शिकवणार नाही.

आता झडत्यांबद्दल, कारण माझ्या मते तुझी खरी शाळा तीच आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलं उभे राहतात आणि कोणीतरी म्हातारा हात वर करून झडती सुरू करतो. दोन-तीन ओळी साध्या, इकडच्या-तिकडच्या, लोक कान देऊन उभे. मग शेवटची ओळ अशी येते की सरपंच, सावकार, मंत्री, कापसाचा भाव, कोणी ना कोणी सोलून निघतो. आणि त्यावर 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' म्हणत अख्खा पोळा गर्जतो. आता यात काय काय आहे ते मोज: मांडणी, पंचलाइन, गर्दीचं उत्तर, आणि समोरच्या टोळीतून लगेच येणारी उलट झडती. माईक नाही, बीट नाही, तरी शंभर बैलांच्या घुंगरात शब्द शेवटच्या माणसापर्यंत जातो. कसा जातो? म्हातारा ओळीच्या शेवटी श्वास सोडत नाही, शेवटचा शब्द फेकतो. आपले पोरं मोबाइलवर रॅप ऐकून ओळीचा शेवट गिळतात. पुढच्या पोळ्याला दोन झडत्या स्वतःच्या लिहून म्हण. पडल्या तर तिथंच कळते, लाइक मोजत बसावं लागत नाही.

दुसरी शाळा कव्वालीच्या दुय्यम सामन्याची. भंडारा-गोंदियाकडे जास्त, पण आपल्याकडेही जयंतीच्या महिन्यात बॅनर लागतात. दोन पार्ट्या, एकीचा सवाल, दुसरीचा जवाब, रात्र चढत जाते. खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यातही हेच. समोरच्यानं टाकलेला शब्द उचलून त्यालाच परत मारायचा, तोही तालात राहून. यालाच हिपहॉपवाले बॅटल म्हणतात. फरक एवढाच की कव्वालीवाल्याला समोरच्याच्या आईबहिणीवर जावं लागत नाही. त्याचं वाचन दांडगं असते. धम्म, इतिहास, पुराण, सगळ्यातले दाखले काढून तो हाणतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) नाशिक जिल्ह्यातले, पण त्यांचे गाणे विदर्भातल्या कोणत्याही बौद्धवाड्यात तोंडपाठ सापडतील, अन् ते गावोगाव पोचले ते गाणाऱ्यांच्या तोंडून. आपण यूट्यूबच्या अल्गोरिदमच्या नावानं बोटं मोडतो!

तिसरी खंजिरी. तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) एका खंजिरीवर गावच्या गाव उभं करत. १९४२ मध्ये चिमूर-आष्टी पेटलं तेव्हा इंग्रजांनी त्यांना पकडून नागपूर अन् रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. तालावर बोललेल्या शब्दाला सरकार घाबरलं, हे आपल्या घरचं उदाहरण आहे. आणि तांत्रिक गोष्ट सांगतो: भजनातला केरवा आठ मात्रांचा, तो चारच्या बीटवर बरोबर बसतो. दादरा सहा मात्रांचा, तो साध्या बूम-बॅप (हिपहॉपचा जुना, चारच्या ठेक्याचा) बीटवर ओढूनताणून बसवला की लंगडतो. आजीच्या जात्यावरच्या ओळी रॅपमध्ये घ्यायच्या असतील तर आधी मात्रा मोज.

एक गोष्ट कोणी उघड सांगत नाही. भजनी मंडळ एका मोहल्ल्यात असते, जयंतीचं स्टेज दुसऱ्या. बरेच कलाकार एका ठिकाणी एक बोलतात, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. तुला दोन्हीकडे बोलावतील तेव्हा तेच सोळा बार (बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा, साधारण एक ओळ) दोन्हीकडे म्हणता येतात का, ते पाहा. येत नसतील तर लिहिण्यात कुठंतरी पाणी मुरते.

स्टेज मागायचा कसा? नवीन पोराला आयोजक शेवटी ठेवतात आणि १० वाजता स्पीकर बंद करावा लागतो. म्हणजे तुझा नंबर आला की पोलीस पाटील घड्याळ दाखवतो. शेवटचा नंबर घेऊच नको. प्रत्येक कार्यक्रमात एक वेळ रिकामी असते: प्रमुख पाहुणे यायचे आहेत, गाडी निघाली आहे, लोक येऊन बसले आहेत. सूत्रसंचालकाजवळचे शेर तोपर्यंत संपलेले असतात. ती वेळ माग, कोणी नाही म्हणत नाही. ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, बीटवर सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. दोन कडवे आणि हूक (परत परत येणारं धृपद) धरला तरी दोन-अडीच मिनिटांत तू खाली. ट्रॅक पेनड्राइव्हमध्येही घे, मोबाइलमध्येही, आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन हूकमध्ये मामाचा फोन वाजतो. माईकची जाळी मुठीत नको धरू. व्हिडिओत भारी दिसते, मैदानात माईक शिट्टी मारते.

भाषेचं. वऱ्हाडीत लिही, पण त्यात एक अडचण आहे. आपली बोली टीव्हीनं आणि रील्सनं विनोदासाठीच वापरली. 'काऊन बे' म्हटलं की पुण्यातला हसतो, अन् आता नागपूरचाही हसतो. तू कर्जावर गंभीर ओळ म्हणशील आणि पहिल्या रांगेतून खिखी ऐकू येईल. यावर उपाय माझ्याकडे एकच निघाला: पहिल्या चार ओळीत त्यांना मुद्दाम हसवायचं, पाचवीत वळवायचं. झडतीवालेही असंच करतात. आणि वऱ्हाडी म्हणजे सगळीकडे 'मले-तुले' चिकटवलेलं पुस्तकी मराठी नको. तुझ्या दारव्ह्यात जशी बोलतात तशी घे. दर्यापूरची वेगळी, पुसदची आणखी वेगळी.

यमकाचा मोठा सापळा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून करते-मरते-धरते फुकटात जुळते. नवीन पोरांचं निम्मं रॅप असंच असते आणि दहा ओळीनंतर झोप येते. यमक ओळीच्या पोटात घाल, शेवटी नाम ठेव. हे माझंच, पाहा:

सातबारा कोरा म्हने, बोरा रिकामा दारात
गंजीतला कापूस पिवया, यापाऱ्याचा तोरा बजारात

कोरा-बोरा-तोरा आत वाजते, दारात-बजारात शेवटी. फार थोर नाही, पण एकही क्रियापद यमकासाठी राबवलेलं नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऐक. नावातल्या 'सौ'च्या जागी तो १०० चा आकडा लिहितो आणि पुढे आरबीएच. मुंबईच्या 'स्वदेसी' गटात होता, २०२३ मध्ये एमटीव्ही हसलच्या तिसऱ्या पर्वात दिसला. मराठी-हिंदी दोन्ही वापरतो, पण हिंदीतही अमरावती ऐकू येते. त्याची नक्कल नको करू, त्याच्या ओळी कुठं वळतात ते पाहा.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओवर पैसे नको घालू, निदान आत्ता. बँडलॅबसारखं फुकट ॲप, साधा इअरफोनचा माईक आणि कापसाची खोली. खरंच सांगतो. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला असते, आणि कापसासारखा आवाज पिणारं दुसरं काही नाही. टिनाच्या खोलीत जो डब्यातला घुमारा येते तो तिथं येत नाही. अंगाला खाज सुटते, तेवढं सोस. कापूस विकला की भिंतीला वाकया (गोधड्या) टांग.

पैशाचं थोडक्यात. यूट्यूबच्या जाहिरातीतून वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तास पाहणं लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. त्याच्या भरवशावर लग्न ठरवू नको. इथला खरा पैसा आहे जयंती-गणपतीच्या बिदागीत, आणि ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेच्या प्रचारगाण्यात. प्रचाराची गाणी मी तालुक्याबाहेरचीच घेतो. गावातला हरलेला उमेदवार पाच वर्षं समोरच्या घरात राहते, रोज पाणी भरताना दिसते.

बीट 'फ्री' लिहिलेला असला तरी बहुतेक वेळा तो कमाई न करण्याच्या अटीवर फ्री असते. गाणं चाललं की दावा ठोकतात आणि पैसे तिकडे जातात. स्वस्तातलं लायसन्स घे, पावतीचा मेल जपून ठेव. आणि कोणी चॅनलवाला 'सगळे हक्क आमचे' असा कागद घेऊन आला तर सही करायच्या आधी हे लक्षात असू दे: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा सही करून सोडता येत नाही. ती वसूल करून देणारी आयपीआरएस नावाची संस्था मुंबईत आहे. चार-पाच गाणी रिलीज झाली की सभासद होण्याचं पाहा. आपल्याकडच्या किती शाहिरांनी कॅसेटच्या काळात गाणं हजार-पाचशेत देऊन टाकलं आणि कंपन्या पोसल्या, ते कोणत्याही जुन्या गायकाला विचार.

राहिलं पुणे. जायचं तर काम घेऊन जा: मिक्सिंग शिकायचं आहे, एखाद्याच्या ट्रॅकवर कडवं द्यायचं आहे, कॉलेजला ॲडमिशन आहे. 'तिथं सीन आहे' एवढ्यासाठी गेलेले पोरं मी पाहिले. खोलीचं भाडं भरायला डिलिव्हरीची बॅग पाठीवर लावतात, रात्री बाराला परत येतात आणि वही तशीच राहते. त्याआधी नागपूर-अमरावतीला जा. तिथल्या पोरांचे सायफर (गोल करून आळीपाळीनं रॅप म्हणायचे अड्डे) इन्स्टावर कळतात, शेवटच्या एसटीनं परतही येता येते. तिथं तुझं वऱ्हाडी कडवं म्हण आणि कोण हसतो, कोण मान हलवतो ते पाहा. जो मान हलवेल त्याचा नंबर घे.