सुट्टीभर घरात एकटीच शिवत बसते, हे ठीक आहे ना?

“सुट्टीच्या दिवशी मला कुठेच जावंसं वाटत नाही. घरात आपलं आपलं काहीतरी करत बसावंसं वाटतं. माझं काही बिनसलंय का?” शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. थंडीच्या दिवसांत जरा जास्तच. विचारणारं माणूस कधी कुंड्यांमध्ये रमणारं असतं, कधी जुने रेडिओ खोलून बसणारं. पुष्कळदा तर प्रश्न त्यांचा स्वतःचा नसतोच, घरातल्या कुणीतरी तो त्यांच्या हाती देऊन त्यांना माझ्याकडे पाठवलेलं असतं. म्हणून आज गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या अलीकडचं, नोकरी हिशेब तपासण्याची. धाकट्या बहिणीच्या आग्रहावरून आल्या होत्या. “ताई हल्ली माणसांत येत नाही, हे डिप्रेशन तर नाही ना?” असं बहिणीने मला फोनवर आधीच विचारलं होतं.

पहिल्या भेटीत त्या स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला बसल्यासारखं बोलत होत्या. “शुक्रवारी संध्याकाळी घरी आले की सोमवारपर्यंत बाहेर पडत नाही. फोन आला तर घेते, स्वतःहून करत नाही. दोन दिवस मी आणि माझं शिवण. आणि मॅडम, वाईट म्हणजे मला त्यात बरं वाटतं.”

हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. बरं वाटणं वाईट कधीपासून झालं आणि ते कुणी ठरवलं, हे शोधायचं होतं.

त्याआधी नेहमीची चौकशी केलीच, ती कधीही टाळू नये. नैराश्यात माणूस घरात बसतो हे खरं, पण तो रमत नाही. आवडीची गोष्टही नकोशी होते, झोप आणि भूक बिघडते, थकवा हटत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहतं. असं जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. जगणं नको असं मनात येत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. हिवाळ्याची आणखी एक बाब असते. दिवस लहान होतात तिथे काहींना दर हिवाळ्यात नैराश्य येतं आणि ऋतू पालटला की ओसरतं. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये याचं पद्धतशीर वर्णन केलं. त्यात बहुधा झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ वाढते, अंग जड होतं. बाईंच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. ऑफिसचं काम चोख होतं, झोप शांत होती आणि हातातली गोधडी पुढे सरकत होती.

“मग मला तुमचा शनिवार सांगा,” मी म्हटलं. “सकाळपासून. काहीही गाळू नका.”

हा माझा आवडता प्रश्न आहे आणि इतक्या वर्षांत त्याने मला क्वचितच रिकाम्या हाती परत पाठवलंय. माणूस स्वतःबद्दलचं मत सांगतो तेव्हा ते बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचं तरी असतं. दिवस सांगतो तो मात्र त्याचा स्वतःचा असतो.

त्या आधी अडखळल्या, मग सुरू झाल्या. सकाळी खिडकीपाशी मशीन ओढून घेतात, कारण गडद निळा आणि काळा यातला फरक दिव्याच्या उजेडात फसवतो. कापलेले चौकोन रंगाप्रमाणे लावून ठेवतात. तुकडे जोडताना शिलाई कडेपासून बरोबर पाव इंचावर हवी. “दोऱ्याएवढा फरक पडला तरी तो प्रत्येक सांध्याला साठत जातो हो. शेवटी ओळीला ओळ लागत नाही.” प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री. वरचा तुकड्यांचा थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकावर एक पसरून कच्चे टाके घालायचे, तेही मधून सुरुवात करून कडांकडे जात, म्हणजे चुणी राहत नाही. मग अंगुस्तान चढवून हाताने धावदोरा. हे सांगताना त्यांची बोटं मांडीवरच्या ओढणीची कड धरून हलत होती. आवाज खाली आला होता, खांदे सैल पडले होते. स्वतःविरुद्ध साक्ष देणारी बाई समोरून उठून गेली होती.

“आणि रविवार?”

“रविवारही असाच. चार वाजेपर्यंत.”

“चारला काय होतं?”

“घाई सुटते. टाके मोठे पडतात. मग उसवावं लागतं, आणि चिडचिड होते.”

“गोधडी कुणाला द्यायची आहे का?”

“नाही.”

“मग घाई कसली?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकाने तोंड उघडू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. समोरच्याच्या आत काहीतरी जागचं हलत असतं आणि आपला एक सुज्ञ शब्द ते थांबवतो.

“दाखवायला काहीतरी हवं ना,” शेवटी त्या म्हणाल्या. “दोन दिवस घरात बसले, तर निदान वस्तू तरी पूर्ण झालेली हवी. सोमवारी सगळे विचारतात, सुट्टीत काय केलं. कुणी फिरून आलेलं असतं, कुणाकडे कार्यक्रम असतो. मी म्हणते, काही नाही.” मग थांबून, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मॅडम, चार वाजेपर्यंत खोलीत मी एकटी असते. चारनंतर खोलीत सगळे येतात.”

या वाक्यापाशी मी आजही थांबते. बहिणीला वाटत होतं की ताईला एकटेपणाचा त्रास आहे. त्रास सुरू होत होता तो एकटेपण संपल्यावर, मनातली माणसं येऊन हिशेब मागायला लागली की.

माझी स्वतःची बैठक डोनाल्ड विनिकॉट यांच्या विचारांची आहे, हे मला जवळून ओळखणाऱ्यांना माहीत आहे. मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक असलेल्या या इंग्रज माणसाने 1958 मध्ये मांडलं की एकटं राहता येणं ही भावनिक परिपक्वतेची एक महत्त्वाची खूण आहे, आणि ती क्षमता घडते कुणाच्या तरी सोबतीत. आई जवळ आहे, पण लुडबुड करत नाही, अशा वेळी मूल आपल्यात रमायला शिकतं. ती निवांत सोबत हळूहळू त्याच्या आत मुक्कामाला येते. पुढे मोठेपणी माणूस रिकाम्या खोलीत बसला तरी ओस पडत नाही, तो याच शिदोरीवर. म्हणून कुणी एकटं बसतं असं कळलं की मी ‘किती वेळ’ हे नंतर विचारते. आधी बघते, आत सोबतीला कोण आहे. माया करणारं, की परीक्षा घेणारं?

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, “लहानपणी तुम्ही काहीतरी करत बसलात आणि कुणी जवळ होतं, पण काही विचारत नव्हतं, असं कोण आठवतं?”

“आत्या,” त्या लगेच म्हणाल्या. “ती वाचत पडायची आणि मी तिच्या पायाशी बाहुलीचे कपडे शिवायचे. तासन् तास. बघू काय केलंस, असं ती एकदाही म्हणाली नाही. मला वाटायचं तिचं लक्षच नाही. पण सुई बोटात शिरली की हात आधी तिचाच यायचा.” डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या.

त्यानंतर सल्ला असा फार द्यावा लागला नाही. एकच काम दिलं: रविवारी चार वाजता, ओळ अर्धी असेल तर अर्धीच, सुई कापडात खोचून उठायचं. पूर्ण करायचं नाही. त्यांना ते अवघड गेलं. पहिल्या प्रयत्नात त्या उठल्या आणि पाणी पिऊन परत येऊन बसल्या. नंतर जमलं. सोमवारच्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर बदललं: “गोधडीच्या दोन ओळी जोडल्या, तिसरी उसवली.” यावर टेबलापलीकडच्या मुलीने विचारलं, “का उसवली?” आणि जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

तुमचंही असंच काही असेल तर स्वतःला एवढंच तपासा. घरात राहावंसं वाटतं ते त्या कामाच्या ओढीने, की माणसांच्या धास्तीने? त्यातून उठल्यावर जरा ताजं वाटतं, की आणखी गळून जायला होतं? जवळच्या माणसाने खरोखर हाक मारली तर उठता येतं का? ओढ असेल, ताजेपणा असेल, हाकेला ओ देता येत असेल, तर तुमचा एकांत निरोगी आहे. त्याची कुणाकडे माफी मागू नका, आणि तो सार्थकी लागला हे दाखवायला वस्तूंचा ढीगही उभा करू नका. धास्ती असेल तर तिच्याबद्दल बोलायला या. तीही दूर होते.

शेवटच्या भेटीला बहीणही आली होती. “मग मी हिला बोलवायचंच नाही का?” तिने जरा फुरंगटूनच विचारलं.

“जरूर बोलवा,” मी म्हटलं. “नाही म्हणाली तर कारण विचारू नका आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलवा. कधी आपलं पुस्तक घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसा, पण काय शिवलंस ते दाखव म्हणू नका. आणि मशीन बरेच दिवस झाकलेलं दिसलं, तुकडे तसेच पडून राहिले, तर मात्र तिला विचारत बसू नका. सरळ मला फोन करा.”