कॅथलिक असून स्त्रीवादी असता येतं का? गोव्यातून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : गोव्यातल्या कॅथलिक बायका एवढ्या मोकळ्या दिसतात, पण त्यांचं चर्च बाईला पाद्री होऊ देत नाही, संततिनियमनाच्या साधनांनाही विरोध करतं. मग कॅथलिक असून स्त्रीवादी असता येतं का?

येतं. मी आहे. माहेर वसईचं, शाळा मराठी, सासर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत. मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, कोंकणीत ऐकते, पण देवाशी भांडायचं झालं तर अजून मराठीतच भांडते.

आधी त्या 'मोकळ्या'चं बघू. फ्रॉक घातला, लग्नाच्या मांडवात नवऱ्याबरोबर नाचली की बाई मोकळी, हा समज हिंदी सिनेमाने करून दिला. माझ्या नवऱ्याच्या आत्याने जन्मभर फ्रॉकच घातला. भाटातल्या, म्हणजे घरच्या माडांच्या बागेतल्या, नारळांचे किती पैसे आले, हे मात्र तिला कधी कोणी सांगितलं नाही.

इथल्या कॅथलिक बाईवर तिघांचा हक्क चालतो : चर्चचा, गावाचा आणि कायद्याचा. कुठली गोष्ट कोणाची हे ओळखता आलं नाही, तर भांडण भलत्याशीच होतं.

सासरे वारले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे लग्नाआधी नवरीच्या हातात कासाराकडून चुडा भरतात, आणि नवरा गेला की बांगड्या शवपेटीवर फोडायच्या, अशी जुनी रीत. वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या सासूबाईंचे हात धरून पेटीकडे निघाल्या. सासूबाईंनी हात सोडवून घेतले, न्हाणीघरात गेल्या आणि साबण लावून एकेक बांगडी काढून आल्या. एकही फुटली नाही. चर्चच्या अंत्यविधीत बांगड्या फोडण्याचा उल्लेखही नाही. ती गावाची रीत, गाव ख्रिस्ती होण्याच्या आधीपासून चालत आलेली. पण पाद्री दारात उभा होता आणि त्याने तोंड उघडलं नाही, ही जबाबदारी चर्चचीच.

कायद्याचं उलट आहे. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा सगळ्याच धर्मांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. आईबापांना मुलीला वगळून सगळं मुलाच्या नावे करता येत नाही, कारण अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते आणि तीत मुलगा-मुलगी सारखे. वसईत माझ्या वडिलांना मृत्युपत्र करून सगळं भावाला देता आलं असतं. तरी हा कायदा म्हणजे पुण्याई नव्हे, त्याने मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच ठेवला होता. शिवाय कायदा देतो ते गाव काढून घेतं. बहिणींना गोडीगुलाबीने नोटरीकडे नेऊन हक्कसोड लिहून घेणं इथेही चालतं, आणि कोमुनिदादीचा झोण, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला वाटा, तर परंपरेने गावकाराच्या, मूळ वतनदाराच्या, मुलालाच.

आता चर्च. तुम्हाला वाटतं तेवढं ते बाईला 'दबून राहा' म्हणत नाही. विवाहविधीत वधू-वर एकच वचन देतात, 'आज्ञेत राहीन' असं वधूने वेगळं म्हणायचं नसतं. बायबलातल्या संत पौलाचं 'पत्नींनो, पतीच्या अधीन असा' हे वाक्य लग्नात वाचलं जातं खरं, पण त्याच्या आदल्याच ओळीत दोघांनी एकमेकांच्या अधीन असावं असं आहे. तेव्हाचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1988 च्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेवरच्या पत्रात अधीनतेचा अर्थ असाच, परस्परांचा, लावला. 1995 मध्ये, बीजिंगच्या महिला परिषदेच्या तोंडावर, त्यांनी जगातल्या स्त्रियांना पत्र लिहिलं आणि चर्चच्या माणसांकडून झालेल्या अन्यायाबद्दल खेदही व्यक्त केला. त्याच वर्षी त्यांनी 'नवा स्त्रीवाद' मांडला : बाईने पुरुषी वर्चस्वाची नक्कल करू नये, स्वतःच्या प्रकृतीला धरून समाज बदलावा. प्रतिष्ठा समान, प्रकृती वेगळी.

यातलं 'समान' मी डोळे मिटून घेते. 'वेगळी' म्हटलं की मात्र कान टवकारते. वेगळेपणाची यादी कोण करतं? आमच्याकडे त्या यादीत आल्ताराची, म्हणजे वेदीची, फुलं, चर्च झाडणं आणि फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, स्वयंपाक येतो, जमाखर्च येत नाही. भारतातल्या बिशपांच्या परिषदेने 2010 साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण काढलं. आमच्या बायकांच्या बैठकीत मी विचारलं, कोणी वाचलंय? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

येशूच्या आईचं, मरीयेचं उदाहरण आम्हाला नम्रतेसाठी देतात. मी वर्गातल्या मुलींना सांगते, येशूची आई होशील का, या देवदूताच्या निरोपाला होकार देताना तिने ना बापाला विचारलं ना होणाऱ्या नवऱ्याला, योसेफाला. आणि तिचं स्तोत्र वाचा, त्यात बलाढ्यांना सिंहासनावरून खाली ओढण्याची भाषा आहे. गोव्यात तर ती सायबीण, म्हणजे मालकीण, तिची मूर्ती घरोघरी येते. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराई या हिंदू देवीची बहीण मानतात. अशा बाईला कोणी गरीब गाय म्हणत असेल तर म्हणो.

नन हा प्रकार बाहेरच्यांना तुरुंग वाटतो. पण लग्न न करता शिकणं, संस्था चालवणं, आणि 'कधी उरकणार?' हे कोणी न विचारणं, ही मुभा आपल्या समाजात आणखी कोणत्या बाईला होती? जुन्या गोव्यातला सांता मोनिका हा नन्सचा मठ 1606 चा. तिथे आलेल्या सगळ्याच राजीखुशीने आल्या असतील असं मी म्हणणार नाही. आज त्याच इमारतीत नन्स ईश्वरविद्या शिकतात. मात्र 2018 मध्ये केरळच्या एका ननने बिशपवर बलात्काराची तक्रार केली, तेव्हा तिच्यासाठी तिच्या मोजक्या सोबतिणींना रस्त्यावर बसावं लागलं. 2022 मध्ये खालच्या कोर्टाने बिशपना निर्दोष सोडलं. निकालाचं कोर्ट बघेल, पण त्या बसल्या होत्या तेव्हा आमचे किती पाद्री त्यांच्यासाठी उघड बोलले?

पाद्रीपदाचं दार पोपच्या 1994 च्या पत्राने बंदच केलंय, आणि मला ते पटत नाही. बाकीची दारं किलकिली होताहेत. त्याच 1994 साली मुलींना वेदीसेवेची, म्हणजे मिसेत पाद्रीच्या हाताशी राहण्याची, परवानगी मिळाली, 2023 च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बायकांनी पहिल्यांदा मत दिलं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी पाद्री लोकांचे पाय धुतो, त्या विधीत 2016 पासून बायकाही अधिकृतपणे बसतात. आमच्याकडे पहिल्यांदा बसल्या तेव्हा एका काकींनी आदल्या रात्री दगडाने टाचा घासून घासून लाल केल्या होत्या. शेजारचे बाप्ये थेट शेतातून आल्यासारखे.

राहिला संततिनियमनाचा मुद्दा. 1968 पासून शिकवण तीच आहे : नैसर्गिक पद्धत चालेल, साधनं नाहीत. गर्भपाताबद्दल मी चर्चच्या बाजूची आहे, इथे नाही. नैसर्गिक पद्धतीला नवऱ्याचा संयम लागतो, आणि संयमाचं प्रवचन बाप्यांना वेगळं बसवून दिलेलं मी तरी ऐकलं नाही. मिसेला बाकांवर बघा, बहुतेक घरांत दोनच मुलं. म्हणजे सगळ्यांनी आपापलं ठरवलेलं आहे, फक्त बोलत कोणी नाही. मी कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, बसून पाद्रीला हे सगळं सांगितलं आहे. त्याने काय उत्तर दिलं ते मात्र इथे लिहिणार नाही.